कुलूपबंद ग्रंथ आणि अधिकारी वाचक

१

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार अनुबंधांचा निर्देश करण्याची प्रथा संस्कृत परंपरेत रूढ होती. त्यांपैकी ‘अधिकारी’ हा अनुबंध वाचकासंबंधीचा होय. ग्रंथ कोणासाठी आहे, तो हाती घेण्याची पात्रता कोणाच्या ठिकाणी आहे, याचा निर्णय तेथे प्रथमच होत असे. मुद्रणाचा प्रसार झाल्यावर हा प्रश्न मागे पडला. ग्रंथाची किंमत देईल तो त्याचा अधिकारी, आणि ज्याला किंमत देणे शक्य नाही त्याला ग्रंथालयाचा आधार, अशी सोपी व्यवस्था समाजाने स्वीकारली. या व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत होती. किंमत मोजून ग्रंथ घरी आणला म्हणजे विक्रेत्याचा त्याच्याशी संबंध संपला. पुढे तो किती वेळा वाचावा, कोणाला वाचावयास द्यावा, त्याच्या समासात काय लिहावे आणि आपल्या पश्चात तो कोणाच्या हाती जावा, हे सर्व वाचकाच्या इच्छेवर अवलंबून राहिले.

डिजिटल ग्रंथाच्या व्यापाराने हे गृहीत मोडले आहे. संगणकावर, मोबाइलवर किंवा स्वतंत्र वाचनयंत्रावर वाचावयाच्या ग्रंथाची नक्कल क्षणार्धात व जवळजवळ विनाखर्च होऊ शकते. हे संकट टाळण्यासाठी अनेक विक्रेते ग्रंथाची संहिता सांकेतिक रूपात बदलून ठेवतात. ती पुन्हा वाचनीय करणारी किल्ली ग्राहकाच्या हाती दिली जात नाही. ती त्याच्या खात्याशी व यंत्राशी जोडलेली असते आणि विक्रेत्याने मान्य केलेल्या अ‍ॅपमधूनच चालते. या योजनेला डिजिटल हक्क-व्यवस्थापन असे भारदस्त नाव आहे. प्रस्तुत लेखात तिला केवळ ‘कुलूप’ म्हटले आहे. या कुलपाने चोर कितपत अडतो हा वादाचा विषय आहे. किंमत देणारा वाचक मात्र निश्चितपणे अडतो. आणि ही अडचण केवळ गैरसोयीची नसून वाचकाचा अधिकारच काढून घेणारी आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. विवेचनासाठी परभणी जिल्ह्यातील वाचक समोर ठेवला आहे. डिजिटल ग्रंथाची गरज मोठ्या शहरातील वाचकापेक्षा अशाच वाचकाला अधिक आहे आणि म्हणून त्यातील वैगुण्याचा भारही त्याच्यावरच अधिक पडतो.

२

ग्रंथाला कुलूप घालण्याची कल्पना मराठीला सर्वस्वी नवी आहे, असे मात्र नाही. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते, हे मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस विदित आहे. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा चिन्ह योजावयाचे, ही या लिप्यांची सर्वसाधारण रीत. परिणामी शतकानुशतके या पंथाचे विपुल वाङ्मय पंथाबाहेरील मराठी वाचकांस अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे प्रभृतींच्या प्रयत्नांनी या लिप्यांचा उलगडा झाला आणि मराठी गद्याचा इतिहास नव्याने लिहावा लागला. कुलूप घालणाऱ्याचा हेतू रक्षणाचा असला तरी त्याचे फळ विस्मरणाच्या रूपानेही मिळू शकते, एवढा बोध या इतिहासातून सहज निघतो.

परंतु याहून महत्त्वाचा बोध वेगळा आहे. सकळ लिपीची किल्ली कोठे होती? ती दीक्षित वाचकाच्या बुद्धीत होती. पंथाने ज्याला अधिकारी मानले त्याला ती एकदा शिकविली जाई, आणि एकदा शिकलेली लिपी कोणी परत मागू शकत नसे. मठ बदलला, गुरू निवर्तला, पोथी जुनी झाली, तरी वाचणाऱ्याचे वाचन थांबत नसे. इतकेच नव्हे, तर जीर्ण पोथीवरून नवी पोथी उतरून घेणे हे त्याला पुण्यकर्म होते. ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत खिलजींच्या आक्रमणाच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि अनुयायांनी आपापल्या स्मरणातून तिचे पाठ पुन्हा सिद्ध केले, असे पंथाची परंपरा सांगते. त्या ग्रंथाच्या निरनिराळ्या ‘वासना’ म्हणजे पाठभेद हे या घटनेचेच फळ मानले जाते. ग्रंथ अनधिकाऱ्यांपासून लपविणाऱ्या या पंथाने अधिकारी वाचकावर मात्र पूर्ण विश्वास ठेवला होता, आणि त्या विश्वासामुळेच ग्रंथ वाचला.

आजच्या कुलपाची रचना याच्या नेमकी उलट आहे. त्याला अधिकारी वाचक ओळखताच येत नाही. ते ओळखते ते खाते आणि यंत्र. किंमत देणारा वाचक यंत्र बदलून आला, खात्याचा संकेतशब्द विसरला किंवा विक्रेत्याने दुकान बंद केले, तर तोही त्या ग्रंथापुढे अनोळखी माणसासारखा उभा राहतो. जुन्या कुलपाने परक्याला बाहेर ठेवले. नवे कुलूप घरच्यालाही रोज दारात उभे करून त्याची ओळख विचारते.

३

परभणी जिल्ह्याच्या ग्रंथपरंपरेकडे पाहिले म्हणजे हा भेद अधिक स्पष्ट होतो. गंगाखेड हे संत जनाबाईचे गाव. जनाबाईचे अभंग ज्या स्वरूपात आज उपलब्ध आहेत ते कंठस्थ परंपरेने आणि हस्तलिखित वह्यांनी टिकविले. एकाने म्हणावे, दुसऱ्याने उतरून घ्यावे, तिसऱ्याने कीर्तनात सांगावे, असा तो प्रवास होता. निजामी राजवटीत राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. त्या काळात मराठवाड्यातील मराठी वाचनाचा दिवा ज्या थोड्या संस्थांनी तेवत ठेवला, त्यांत गावोगावच्या वाचनालयांचा वाटा मोठा होता. परभणीचे गणेश वाचनालय हे त्यांपैकीच एक. एक प्रत विकत घ्यावी आणि ती अनेकांनी वाचावी, हा वाचनालयाचा सरळ हिशेब. ज्या प्रदेशात पुस्तकांची दुकाने थोडी आणि वाचकाचा खिसा लहान, तेथे एका प्रतीचे हे बहुवाचकत्व हीच साहित्यसंस्कृतीची पायाभूत गोष्ट ठरते.

डिजिटल ग्रंथाचे आश्वासन या प्रदेशासाठी खरोखर मोठे होते. जिंतूर, पाथरी, सोनपेठ किंवा पालम येथील वाचकाला पुण्यामुंबईस प्रसिद्ध झालेले पुस्तक त्याच दिवशी मिळावे, टपालाचा खर्च वाचावा, डोळे अधू झालेल्या वृद्धाला अक्षर मोठे करून वाचता यावे, ही सोय लहान नव्हे. २०१६ च्या डिसेंबरात अ‍ॅमेझॉनने किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांतील ग्रंथांचे दालन उघडले, तेव्हा हे आश्वासन मराठीतही आकारास आले. मराठी विक्रेत्यांनीही आपापली ई-पुस्तके व ती वाचण्याची साधने सिद्ध केली. या प्रगतीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

तथापि या आश्वासनाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. पाथरीतील एखाद्या शिक्षकाने एक कादंबरी छापील स्वरूपात घेतली आणि दुसरी कुलूपबंद ई-पुस्तकाच्या स्वरूपात घेतली, अशी कल्पना करावी. पहिली त्याची पत्नी वाचील, शेजारी मागून नेईल, विद्यार्थी परत आणून देईल, आणि पुढे केव्हातरी ती शाळेच्या कपाटात किंवा गावच्या वाचनालयात जाऊन बसेल. दुसरी त्याच्या खात्यात राहील. ती दुसऱ्याला द्यावयाची तर आपले यंत्र किंवा आपल्या खात्याचा संकेतशब्द द्यावा लागेल. ती वाचनालयाला देणगी म्हणून देता येणार नाही. एका दुकानातून घेतलेली पुस्तके एका अ‍ॅपमध्ये, दुसऱ्यातून घेतलेली दुसऱ्या अ‍ॅपमध्ये, अशी त्याच्या संग्रहाची फाळणी होईल. आणि त्याच्या मृत्यूनंतर मुलांच्या हाती कपाट येईल, पण खाते कदाचित येणार नाही. दोन्ही ग्रंथांना ‘खरेदी’ हा एकच शब्द लावला जातो, हे विशेष.

४

वाचकाच्या या हानीचे दाखले केवळ कल्पनेतले नाहीत. २००९ च्या जुलैत अ‍ॅमेझॉनने ग्राहकांनी विकत घेतलेल्या जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या त्यांच्या वाचनयंत्रांतून दूरस्थपणे काढून टाकल्या. ज्या विक्रेत्याने त्या दालनात ठेवल्या होत्या त्याला तसा हक्क नव्हता, हे कारण खरे होते. पैसेही परत मिळाले, आणि पुढे कंपनीने या कृतीबद्दल क्षमा मागितली. परंतु अमेरिकेतील एका विद्यार्थ्याने ग्रंथाला जोडून केलेली टिपणे मूळ ग्रंथ गेल्यामुळे निरुपयोगी झाली, ही गोष्ट पैशाने भरून येणारी नव्हती. भारतातही २०१५ च्या अखेरीस फ्लिपकार्टने ई-पुस्तकांचा व्यवहार आवरता घेतला आणि त्याच्या ग्राहकांस कोबो या परदेशी सेवेकडे वळविण्यात आले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ग्रंथदालन बंद केले, तेव्हा किल्ल्या देणारी यंत्रणाच थांबल्यामुळे विकलेली पुस्तके उघडेनाशी झाली. तेथेही पैसे परत देण्यात आले. छापील पुस्तकाचे दुकान बंद पडले म्हणून घरातील पुस्तक कोरे झाले, असा अनुभव कोणाही वाचकास आलेला नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत अ‍ॅमेझॉनने विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून तारेने यंत्रात नेण्याची सोयही काढून घेतली. वाचकाच्या हाती राहिलेला एक लहानसा ताबाही अशा रीतीने गेला.

समीक्षकाच्या व संशोधकाच्या दृष्टीने हा प्रश्न अधिक गंभीर आहे. समीक्षा अवतरणावर उभी असते. ग्रंथातील उतारा जसाच्या तसा घ्यावा, त्याची जागा सांगावी, आणि वाचकाने ती पडताळून पाहावी, ही तिची शिस्त. कुलूपबंद ग्रंथात उतारा घेण्यावर मर्यादा असू शकते. अक्षराचा आकार बदलताच पान बदलते, त्यामुळे पृष्ठांक नेहमीच भरवशाचा राहत नाही. त्याहून मोठी अडचण पाठाची. मुद्रित ग्रंथाच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून लेखकाने काय बदलले हे पाहता येते. ई-पुस्तकाची जुनी संहिता काढून तिच्या जागी नवी ठेवली गेली, तर पहिल्या संहितेचा पुरावा वाचकापाशी उरेलच असे नाही, कारण स्वतंत्र प्रत बाळगण्याची मुभाच त्याला नाही. ‘लीळाचरित्रा’च्या वासनांतून पाठनिर्णय करणाऱ्या संशोधकाला निदान अनेक पोथ्या उपलब्ध होत्या. उद्याच्या संपादकाला एकाच भांडारातील एकच, आणि तीही बदललेली, प्रत मिळण्याचा संभव आहे.

५

कायद्याच्या दृष्टीने येथे एक चमत्कारिक विसंगती निर्माण झाली आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लेखकाला हक्क दिले, तसे कलम ५२ मध्ये वाचकालाही काही मोकळीक दिली. खाजगी अभ्यासासाठी, संशोधनासाठी, समीक्षेसाठी ग्रंथाचा न्याय्य उपयोग करणे हा अपराध नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५-अ दाखल झाले आणि हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असा गुन्हा ठरला. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याशी तुलना करता भारतीय विधिमंडळाने अधिक विवेक दाखविला, हे मान्य केले पाहिजे. कारण कायद्याने निषिद्ध नसलेल्या कारणासाठी कुलूप उघडणारा वाचक येथे गुन्हेगार ठरत नाही. परंतु विवेक येथेच थांबला. वाचकाला कुलूप उघडण्याची मुभा आहे, पण विक्रेत्याने किल्ली द्यावी असे बंधन नाही. आणि जो दुसऱ्याला या कामी मदत करील त्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता आणि उद्देश यांची नोंद ठेवावी, अशी अट आहे. सामान्य वाचकाला हे तांत्रिक ज्ञान नसते. त्यामुळे कायद्याने दिलेला अधिकार व्यवहारात कागदावरच राहतो.

मुदतीच्या प्रश्नात ही विसंगती अधिक ठळक होते. बी. रघुनाथ यांचे आयुष्य प्रामुख्याने परभणीत गेले आणि १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले. कॉपीराइटची मुदत १९५७ च्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांची होती. १९९२ च्या दुरुस्तीने ती साठ वर्षांची झाली. त्या हिशेबाने ‘आलाप आणि विलाप’ हा संग्रह किंवा ‘हिरवे गुन्हे’ ही कादंबरी, यांसारखे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले वाङ्मय १ जानेवारी २०१४ पासून समाजाच्या मालकीचे झाले आहे. परभणीतील कोणीही तरुण ते उतरून घेऊ शकतो, छापू शकतो, वाटू शकतो. परंतु अशा ग्रंथाची एखादी कुलूपबंद डिजिटल आवृत्ती कोणी विकली, तर ते कुलूप या तारखेस आपोआप गळून पडत नाही. कायद्याने हक्काला मुदत घातली. कुलपाला मुदत नाही. लेखकाला साठ वर्षांनंतर जे उरत नाही, ते विक्रेत्याच्या यंत्रणेला अनिश्चित काळ उपभोगता येते.

करआकारणीची भाषाही बोलकी आहे. मुद्रित पुस्तकावर वस्तू व सेवा कर लावण्यात आला नाही. ई-पुस्तकावर मात्र प्रारंभी अठरा टक्के दराने तो होता, आणि ज्याची छापील आवृत्ती आहे अशा ई-पुस्तकापुरता २०१८ च्या जुलैत तो पाच टक्क्यांवर आणला गेला. हा कर सेवेवरचा आहे, वस्तूवरचा नाही. म्हणजे विक्रेता ज्याला ‘पुस्तक’ म्हणतो त्याला शासनही सेवाच समजते. कॅलिफोर्निया राज्याने तर २०२५ च्या प्रारंभापासून अशा व्यवहाराला खरेदी म्हणावयाचे असल्यास ग्राहकाला केवळ परवाना मिळत आहे, हे स्पष्ट सांगण्याचे बंधन घातले. मराठी वाचकाला ही गोष्ट त्याच्या भाषेत कोणी सांगावी, असा प्रश्न शिल्लक राहतो.

दृष्टिहीन वाचकाची स्थिती स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. त्याच्यासाठी ग्रंथाचा ध्वनीत किंवा ब्रेलमध्ये अवतार होणे ही वाचनाची पूर्वअट आहे. २००९ मध्ये वाचनयंत्राने ग्रंथ मोठ्याने वाचून दाखविण्याची सोय येताच अमेरिकेतील लेखकसंघटनेने हरकत घेतली, आणि ही सोय बंद ठेवण्याचा अधिकार प्रकाशकांस देण्यात आला. भारताने २०१२ मध्ये अशा रूपांतरास कायदेशीर मोकळीक दिली आणि २०१४ मध्ये माराकेश कराराला मान्यता देणारे पहिले राष्ट्र होण्याचा मान मिळविला. परंतु संहिताच कुलपाआड असेल, तर या मोकळिकीचा लाभ घेण्यास दृष्टिहीन वाचकाला पुन्हा कोणाच्या तरी मध्यस्थीची वाट पाहावी लागते.

६

या सर्व प्रतिपादनावर प्रकाशकांचा एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. मराठी ग्रंथाची आवृत्ती मुळात लहान. तिच्या दोनचारशे प्रती जरी चोरीच्या नकलांनी बुडाल्या तरी लेखक व प्रकाशक दोघेही बुडतात. कुलूप नसेल तर विकलेली पहिली प्रत हीच शेवटची ठरेल, अशी भीती त्यांना वाटते. या भीतीची टवाळी करणे अनुचित होय. लेखकाच्या श्रमाचे मोल बुडवून वाचकाचा अधिकार सिद्ध होत नाही.

परंतु उपाय रोगाशी जुळतो काय, हे पाहिले पाहिजे. मोबाइलवरून हातोहात पसरणाऱ्या मराठी पुस्तकांच्या नकलांत छापील पानांची छायाचित्रे काढून बनविलेल्या नकला सर्रास आढळतात. कॅमेऱ्यापुढे डिजिटल कुलपाचा काहीच इलाज चालत नाही. शिवाय एखाद्या जाणकाराने कुलूप एकदा उघडले की पुढील सर्व नकला कुलपाविना फिरतात. तेव्हा कुलूप शिल्लक राहते ते फक्त ज्याने पैसे भरले त्याच्या प्रतीवर. फुकट घेणाऱ्याच्या हाती मोकळा ग्रंथ आणि किंमत देणाऱ्याच्या हाती बांधलेला ग्रंथ, अशी ही उलटी व्यवस्था आहे. आणि ती प्रामाणिक वाचकाला अप्रामाणिक होण्याचे कारण पुरविते, हा तिचा सर्वांत मोठा दोष होय.

पर्याय नाहीत असेही नाही. टॉर या इंग्रजी प्रकाशनसंस्थेने २०१२ मध्ये आपल्या ई-पुस्तकांवरील कुलपे काढली आणि वर्षभरानंतर चोरीत लक्षात येण्याजोगी वाढ आढळली नाही असे सांगितले. त्याच वर्षी हॅरी पॉटर मालिकेची ई-पुस्तके ग्राहकाची खूण संहितेत गुंफून, परंतु निरनिराळ्या यंत्रांवर वाचता येतील अशा रूपात विकण्यात आली. या दुसऱ्या पद्धतीत वाचकावर विश्वास आहे आणि जबाबदारीही आहे. प्रत त्याची, आणि ती चव्हाट्यावर मांडली तर नावही त्याचेच. इंग्रजीचा बाजार आणि मराठीचा बाजार एक नव्हेत, हे खरे. पण लहान बाजाराला तर वाचकाचा विश्वास अधिकच मोलाचा असतो. एकदा घेतलेली पुस्तके नाहीशी झाल्याचा अनुभव आलेला वाचक दुसऱ्यांदा किंमत मोजण्यापूर्वी विचार करील, आणि हा तोटा कोणत्याही हिशेबाच्या वहीत नोंदला जात नाही.

७

वरील विवेचनावरून काही गोष्टी निष्पन्न होतात. मराठी प्रकाशकांनी ई-पुस्तक विकताना ते विकत आहेत की भाड्याने देत आहेत, हे मराठीत स्पष्ट लिहावे. विकत असतील तर ग्राहकाची खूण घातलेली, परंतु कोणत्याही यंत्रावर उघडणारी प्रत त्याच्या हाती द्यावी. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी, एका वेळी एक वाचक या जुन्याच न्यायाने, उसनवारीची तरतूद असावी. म्हणजे गंगाखेड किंवा सेलू येथील वाचनालयाला डिजिटल युगात निरुपयोगी होण्याची पाळी येणार नाही. १९५४ चा ग्रंथ-प्रदान कायदा मुद्रित ग्रंथांची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात जमा व्हावी म्हणून रचला गेला. तोच न्याय कुलूप नसलेल्या डिजिटल प्रतीलाही लागू व्हावा, आणि कॉपीराइटची मुदत संपताच ती सर्वांस खुली व्हावी. यांपैकी कोणत्याही मागणीने लेखकाच्या हक्काला धक्का लागत नाही.

विद्यापीठांच्या मराठी विभागांनीही या प्रश्नाकडे तंत्रज्ञांचा विषय म्हणून पाहणे सोडले पाहिजे. येत्या पन्नास वर्षांनी आजच्या मराठी कादंबरीचा पाठ ठरविण्यास जो अभ्यासक बसेल, त्याच्यापुढे किती प्रती असतील, याचा निर्णय आजच्या खरेदीविक्रीच्या अटींत होत आहे. विभागाच्या ग्रंथालयासाठी ई-पुस्तके घेताना या अटी वाचून पाहाव्यात, आणि ज्या अटींत प्रत जतन करण्याची मुभा नाही त्या ठिकाणी तूर्त छापील प्रतच घ्यावी.

जनाबाईचे अभंग उतरून घेणाऱ्यांना त्या अभंगांवर कोणताही हक्क सांगावयाचा नव्हता. उतरून घेण्यास त्यांना कोणाची परवानगीही लागली नाही. किंमत मोजून घेतलेल्या ग्रंथाच्या बाबतीत आजच्या वाचकाची मागणी त्याहून कितीतरी माफक आहे. घेतलेला ग्रंथ घरात राहावा आणि घरच्यांना वाचता यावा, एवढेच त्याचे म्हणणे आहे.